नाव माझंच लिहा

माझ्या आईला अख्खं भिंगार 'फोनवाली भागाबाई' म्हणायचं. कागदावर टेलिफोन बूथ आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर होता. आप्पा नगरच्या लष्करी कॅम्पातल्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. तिथल्या अपघातात त्यांचा एक पाय गेला आणि अपंगांच्या कोट्यातून बाजारपेठेच्या तोंडाशी हा बूथ मिळाला. सकाळी आप्पा बसायचे, दुपारपासून आई. भागिरथी कचरू भिंगारदिवे, शिक्षण सातवी. आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारायला तिला उठावं लागत नसे.

पण बूथमध्ये शिरली की तोच आवाज खाली यायचा. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई चालू होती. कॅम्पातल्या जवानांच्या बायका फोनची वाट बघत आमच्या बाकड्यावर बसून राहायच्या. कुणी बोलता बोलता रडायची, कुणी फोन ठेवून तशीच उभी राहायची. आई पाण्याचा तांब्या पुढे करायची, विचारायची काही नाही. एकदा मी घरी जेवताना एका बाईचं बोलणं सांगायला लागले, तर आईने माझ्या ताटातली भाकरी उचलून बाजूला ठेवली.

"बूथमधलं बूथमधीच ऱ्हायलं पाहिजे," ती म्हणाली. "लोकं पैसे फोनचे देत्यात, त्यांच्या दुःखाचे न्हाई."

आमच्या नंबरवर बाहेरचेही फोन यायचे. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनी नातेवाइकांना आमचा नंबर देऊन ठेवला होता. फोन आला की आई मला नाहीतर शेजारच्या कुणाला तरी निरोप देऊन धाडायची, आणि ते माणूस पळत यायचं. त्यातच एक होती अश्विनी अनभुले. दहावीतली पोरगी. तिचे वडील मच्छिंद्र अनभुले कर्जत तालुक्यात शेती करायचे. गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून त्यांनी तिला भिंगारला आपल्या बहिणीकडे, गोजरबाईंकडे ठेवली होती. दर रविवारी सकाळी ते कर्जतहून फोन करायचे. अश्विनी दोन वेण्या उडवत यायची आणि "दादा, यंदाच्या चाचणीत गणितात पहिली आले," असं इतक्या मोठ्याने सांगायची, की बाकड्यावरची माणसं हसायची.

त्याच वर्षी बाजारात, आमच्या बूथपासून पाच-सहा दुकानं सोडून, माडीवर कॉम्प्युटर क्लास निघाला. तिथे इंटरनेटही होतं. फोनच्या तारेतून साऱ्या जगाशी बोलता येतं, असं सगळे म्हणत. अश्विनीने वडिलांकडे हट्ट धरला आणि सुट्टीत नाव घातलं. सुनील सर शिकवायचे. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. येता-जाता आईला नमस्कार करायचे. आईलाही तो मुलगा सज्जन वाटायचा.

पावसाळा लागला आणि अश्विनीला रविवारशिवायही फोन यायला लागले. दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला. पलीकडचा माणूस घोगऱ्या, दबक्या आवाजात म्हणायचा, "मी पुण्याहून बोलतोय, अश्विनीचा मामेभाऊ." पहिल्या वेळी ती खुशीत आली. मग येईना झाली. निरोप गेला की म्हणायची, "घरी नाही म्हणून सांगा." आणि आली तर फोनवर नुसतं "हो", "नाही", "नको ना" एवढंच. एका रविवारी वडिलांनी चाचणीचे मार्क विचारले तेव्हा ती काहीतरी पुटपुटली आणि फोन ठेवून दिला. वेण्यांच्या जागी एक कसाबसा बांधलेला केसांचा बुचडा होता.

आईने ते पाहिलं. चारचौघांत काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी अश्विनी शाळेतून परतताना तिने हाक मारली, आप्पांना बूथवर बसवलं आणि पोरीला मागच्या अंगाला, आम्ही चहा करायचो त्या पत्र्याच्या खोलीत नेलं. मी स्टोव्हला पंप मारत होते. मला जायला सांगितलं नाही, म्हणून मी थांबले.

"कोन हाय गं हा मामेभाऊ?" आईने विचारलं.

"भाऊच आहे, मावशी."

"बरं. भावाचा फोन आला की बहीण अशी थरथरती का?"

आईने चहा गाळला, बशी तिच्यापुढे सरकवली आणि स्वतःही खाली बसकण मारली. "हे बघ, मी तुला ओरडनार न्हाई. तुझ्या आत्याला तुला इचारल्याबिगर सांगनार न्हाई. आणि तू काय बी केलं असलंस ना, तरी तू लेकरू हायेस. तेवढं डोक्यात ठेव आन मग बोल."

चहा गार झाला तेव्हा कुठे ती बोलली. क्लासमध्ये सरांनी सगळ्यांना ई-मेलचं खातं उघडून दिलं होतं. त्यावर तिला एका मुलाचं पत्र आलं. नाव समीर, पुण्याच्या कॉलेजातला. तो छान लिहायचा. तिने उत्तरं दिली. घरची आठवण येते, आत्या टाकून बोलते, एकटं वाटतं, सगळं लिहिलं. त्याने फोटो मागितला. फोटो कॉम्प्युटरमध्ये घालायचा कसा हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो तिने सुनील सरांकडे दिला. त्यांनी तो मशीनवर चढवून पाठवला. काही दिवसांनी समीरने तो परत धाडला, पण त्यात चेहरा तेवढा तिचा होता. बाकीचं चित्र भलतंच, कुणाला दाखवता येणार नाही असं. आता तो म्हणत होता, मी सांगेन तिथे ये, नाहीतर हा फोटो तुझ्या शाळेच्या भिंतीवर लागेल, तुझ्या गावच्या पारावर लागेल.

"दादा मला मारून टाकतील, मावशी. किंवा स्वतःला," अश्विनी म्हणाली.

आईने तिचं तोंड आपल्या पदराने पुसलं. "चूक कुनाची हाय ते नीट ऐक. तू फोटो दिलास तो साधा. खोटा त्यानं केला. तू मन मोकळं केलंस, त्यानं त्याचा फास केला. मंग लाज कुनाला वाटाया पाहिजे?"

दोनच दिवसांनी परत फोन वाजला. मी बूथवर होते. आईने मला खुणेने थांबवलं आणि स्वतः रिसीव्हर उचलला.

"अश्विनीला बोलवायला धाडलंय. धरून ठेवता का? पुन्याहूनच ना?"

"हो, पुण्याहून. लवकर बोलवा, बिल वाढतंय."

त्या वेळी नगरला सर्कस आली होती. तिची जाहिरात करणारी रिक्षा, छपरावर भोंगा बांधून, भिंगारच्या बाजारातून सावकाश चालली होती. "वाघ, सिंह, हत्ती आणि झोक्यावरच्या कसरती," असं काहीसं ओरडत ती आमच्या बूथपुढून गेली आणि पुढे सरकली. बाहेर आवाज कमी होत गेला. पण आईचा चेहरा बदलला. तिने रिसीव्हर कानापासून किंचित बाजूला धरून मला जवळ ओढलं. फोनमध्ये भोंगा मोठा होत चालला होता. वाघ, सिंह, हत्ती. पुण्याहून बोलणाऱ्या माणसाच्या खिडकीखालून आमचीच रिक्षा चालली होती.

"पोरगी घरी न्हाई," म्हणून तिने फोन ठेवला आणि पायरीवर येऊन रस्ता बघितला. रिक्षा थेट कॉम्प्युटर क्लासच्या माडीखाली उभी होती, आणि वर सुनील सर वैतागून खिडकी लावून घेत होते.

माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. मला वाटलं, आता ती तिथूनच हाक देईल, सारा बाजार गोळा करेल. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या. पण ती मागे फिरली आणि खुर्चीवर बसली.

"आत्ता बोंबललं तर चार जनं त्याला हानतील," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आन बाकीचे इचारतील, पोरगी कोन. न्हाई. आधी पोरीच्या मागं मानसं उभी केली पाहिजेत."

अश्विनीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ज्याला ती घरचं दुःख लिहीत होती तो समीर कुणी नव्हताच, समोर खुर्ची ओढून शिकवणारा माणूस तो होता, हे ऐकून ती ओकली. पण नंतर तिने डोळे पुसून एक गोष्ट सांगितली. क्लासमधल्या आणखी काही मुली अशाच मध्येच यायच्या बंद झाल्या होत्या.

मग आईने अश्विनीला विचारून गोजरबाईंना गाठलं. त्या बाईने कपाळावर हात मारला. "उद्याच्या एसटीनं हिला गावाला धाडते. माझ्या घरात नको ही भानगड."

"धाडा," आई म्हणाली. "मंग तो दुसरी धरील. तुमच्या शेजारची. परवा माझी."

पुढच्या दोन दिवसांत आई भिंगारभर फिरली. मराठ्यांच्या आळीत, आमच्या वस्तीत, कॅम्पातल्या क्वार्टर्समध्ये. दारात उभी राहून एवढंच सांगायची, "पोरीबाळींच्या भल्याचं काम हाय, विहारात या." आमच्या वस्तीतलं बुद्धविहार म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि फरशी. तिथे एका दुपारी इतक्या बाया आल्या, की दारात चपलांचा ढीग पडला. गोजरबाई आमच्या वस्तीत कधी पाऊल टाकत नसत. त्या दिवशी त्या आल्या आणि मागच्या भिंतीला टेकून बसल्या.

आईने एकाही मुलीचं नाव घेतलं नाही, सरांचंही नाही. ती म्हणाली, "गावात एक जन पोरींना भेव घालतोय. कॉम्प्युटरवरून लाडीगोडी लावतो, खोटे फोटो बनवतो. पोरी घरी का सांगत न्हाईत ठावं हाय? त्यांना त्याच्यापेक्षा आपलं भ्या जास्त हाय. आई झोडपंल, शाळा बंद करंल, लगीन लावंल. त्याचं सारं बळ आपल्या त्या भ्यात हाय, बायांनो. आज घरी जाऊन पोरीला जवळ घ्या आन सांगा, काय बी झालेलं असू दे, मी तुला मारनार न्हाई, तुझी शाळा तोडनार न्हाई. सांगाल का?"

मग मागून गोजरबाईंचा आवाज आला. "मी सांगंन." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्या आठवड्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत मुली आल्या, कुणी आईबरोबर, कुणी मावशीबरोबर. एक तर हवालदाराची मुलगी होती. प्रत्येकीचा समीर निराळ्या नावाचा होता, पण माणूस एकच.

रविवारी फोन आला नाही, स्वतः मच्छिंद्र अनभुलेच आले. गोजरबाईंनी भावाला निरोप धाडला होता. पांढरी टोपी, उन्हाने रापलेला उंच माणूस. बूथच्या पायरीशी उभे राहून म्हणाले, "बाई, पोरीचं सामान बांधलंय. तुमी लई केलं. पर आता बास. आमी आमचं बघू."

"दादा, न्या तुमची लेक," आई म्हणाली. "फक्त उद्या दुपारपस्तोर थांबा आन एकदा कानानं ऐका. मंग काय ते ठरवा."

ते थांबले. सोमवारी शाळा सुटायच्या वेळेला फोन वाजला तेव्हा आईने रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला आणि स्वतः बोलण्याच्या बाजूने तोंड नेऊन सांगितलं, "पोरगी आली बघा, बोला." अश्विनी बापाशेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मला सोडा ना. मला शिकायचंय." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मी फक्त मच्छिंद्रकाकांचं तोंड बघत होते. आधी ते लाल झालं, मग राखेसारखं. फोन कट झाल्यावर ते बाकड्यावर बसले.

आम्हाला वाटलं, आता ते धावत जाणार किंवा पोरीवर हात टाकणार. त्यांनी अश्विनीला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर आपले दोन्ही रापलेले हात फिरवत राहिले. "इतके दिस तू हे एकटी ऐकत हुतीस व्हय गं?" ते म्हणाले. "माझ्या बाळा. मला न्हाई का सांगायचं?"

बऱ्याच वेळाने ते आईकडे वळले. "ताई, काय करायचं ते सांगा. मी संगं हाय."

पोलीस चौकीत त्या वेळी एक बाई फौजदार नव्यानेच आल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मुलींचे जबाब चौकीत घेतले नाहीत, आमच्याच खोलीत येऊन, साध्या साडीत, चहा पिता पिता घेतले. म्हणाल्या, "त्याला रिसीव्हर हातात असताना धरता आलं तर बरं होईल. पण त्यासाठी मुलीने बोलायला हवं. जबरदस्ती नाही."

आईने अश्विनीकडे बघितलं. "न्हाई म्हनलीस तरी चालंल. मी बोलते."

"मी बोलते, मावशी," अश्विनी म्हणाली. त्या दिवशी ती दोन वेण्या घालून आली होती.

फौजदारबाई क्लासच्या जिन्याखाली, शेजारच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसल्या. बूथमध्ये आम्ही दाटीवाटीने उभे होतो. फोन आला. अश्विनीने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. आईने बाहेर पायरीवर येऊन ठरल्याप्रमाणे पदर झटकला, आणि शिंप्याच्या दुकानातून फौजदारबाई उठल्या.

"हो, ऐकतेय," अश्विनी म्हणाली. मग थांबली. तिने खोल श्वास घेतला. "तुम्ही समीर नाही. तुम्ही सुनील सर आहात. आणि मी आता तुम्हाला भीत नाही."

मग रिसीव्हरमधून जिन्यावरचे बूट आणि बाईंचा कडक आवाज आम्हाला ऐकू आला. "फोन खाली ठेवू नका. तसाच हातात धरा."

आप्पा कुबडी टेकून उभे राहिले होते. त्यांनी अश्विनीला, जणू एखादा मोठा साहेब समोर असावा तसा, सलाम ठोकला. ती हसली आणि त्याच दमात रडायला लागली.

क्लासमधल्या मशीन, फ्लॉप्या, कागद सगळं जप्त झालं. आईने एकच अट घातली होती, की त्यातले फोटो बाई पोलिसांशिवाय कुणी बघायचे नाहीत. फौजदारबाईंनी ती पाळली. धमकीचा आणि विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला, पुढे खटला उभा राहिला आणि त्या माणसाला शिक्षा झाली.

पण बाजाराला कळायचं ते कळलंच. त्याला धरल्याच्या दुसऱ्याच दिवशी नगरचा एक बातमीदार बूथवर आला. "मुली कोण? निदान आडनावं सांगा."

आईने आधी मला आत बोलावलं. "प्रज्ञा, मी एक करनार हाय. त्यात तुझ्यावर बालंट येईल. लोकं म्हनतील, हिचीच पोरगी असंल. चालंल का तुला? न्हाई म्हनलीस तर मी करनार न्हाई."

मी सतरा वर्षांची होते. मला कॉलेजचा कट्टा डोळ्यांसमोर दिसला. पण त्याआधी मला बूथमध्ये दोन्ही हातांनी रिसीव्हर धरलेली अश्विनी दिसली. "चालेल," मी म्हणाले.

आई बाहेर गेली, तिचा नेहमीचा, रस्त्यापलीकडे पोचणारा आवाज लावला. "लिव्हा. तक्रार भागिरथी कचरू भिंगारदिवेनं दिली. धमकीचे फोन माझ्या बूथवर आले. दुसरं नाव न्हाई. नाव माझंच लिहा."

तसंच छापून आलं. आणि आई म्हणाली होती तसंच झालं. कॉलेजात मी गेले की मुली कुजबुजायच्या, कुणी बाक सोडून उठायचं. एका मुलाने फळ्यावर माझं नाव लिहून ठेवलं. मी ते पुसलं आणि पहिल्या बाकावर बसले. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण रोज सकाळी अश्विनी माझ्याआधी शाळेत जाताना दिसायची, आणि तिच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं. ते बघून मला जो अभिमान वाटायचा तो मी आजवर दुसऱ्या कशात अनुभवलेला नाही.

दिवाळीनंतर एका शिक्षिकेने पलीकडच्या गल्लीत नवा क्लास काढला. नाव घालायला मच्छिंद्रकाका स्वतः लेकीला घेऊन आले. गोजरबाई कुरकुरल्या, "पुन्हा तेच यंत्र?" त्यावर काका म्हणाले, "यंत्रानं काय केलं? मानसानं केलं. माझी पोर भिऊन घरात बसनार न्हाई." आईही बरोबर गेली. तिने सगळ्या मशीनची तोंडं दरवाज्याकडे, येणाऱ्या-जाणाऱ्याला स्क्रीन दिसेल अशी करायला लावली, आणि खिडकीचा पडदा काढून टाकायला सांगितला. त्या बाईंनी ते लगेच मान्य केलं.

मग आसपासच्या शाळांतून आईला बोलावणी यायला लागली. माइक तिला लागायचा नाही. मुलींना, आणि मुलांनाही, ती सांगायची की न दिसणारं माणूस कितीही गोड बोललं तरी त्याला फोटो, पत्ता, घरचं गुपित द्यायचं नाही. आणि देऊन बसलात तर गप्प राहायचं नाही. एका शाळेत मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "पण बाई, आईच मारत असली तर कुणाला सांगायचं?"

सभागृहात हशा पिकला. आई हसली नाही. तिने त्या मुलीला पुढे बोलावलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मंग माझ्याकडं या. बूथ सकाळी उघडतो. मागं एक खोली हाय, तिथं चहा मिळतो."

मुली आल्या. काही मुलंही आली. पत्र्याच्या त्या खोलीत बसून कोण काय बोललं, ते आईने आम्हाला कधीच सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.